प्लॅस्टिकवरील चिकट अवशेष काढणे

प्लॅस्टिकच्या वस्तूवरील स्टिकर, लेबल किंवा चिकटपट्टी काढल्यानंतर मागे राहणारा गोंदाचा थर वस्तूला इजा न होऊ देता दूर करण्याच्या क्रियेस चिकट अवशेष काढणे असे म्हणतात. काच, पोलाद किंवा चिनी मातीच्या पृष्ठभागावर हे काम सोपे असते, कारण गोंद विरघळवणाऱ्या बहुतेक द्रवांचा या पदार्थांवर परिणाम होत नाही. प्लॅस्टिकचे तसे नाही. प्लॅस्टिक व गोंद हे दोन्ही बहुवारिक, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचे बनलेले असतात. त्यामुळे जो द्रव गोंद विरघळवतो तो कित्येकदा त्याखालील प्लॅस्टिकही विरघळवतो, फुगवतो किंवा त्याला तडे पाडतो. म्हणून या कामात गोंद कोणता आहे यापेक्षा वस्तू कोणत्या प्लॅस्टिकची आहे आणि ती कशासाठी वापरली जाणार आहे हे आधी ठरवणे महत्त्वाचे असते.

पार्श्वभूमी

पूर्वी महाराष्ट्रातील घरांत व दुकानांत कागद चिकटवण्यासाठी बाभळीचा डिंक किंवा पिठाची खळ वापरली जात असे. हे दोन्ही पाण्यात मऊ होणारे असल्याने चिकटवलेली चिठ्ठी भिजवली की सहज निघत असे. भारतात १९५९ साली बाजारात आलेला फेव्हिकॉल हा पांढरा गोंदही पाण्यात मिसळलेल्या स्वरूपातच असतो. वाळल्यानंतर तो पाण्यात पूर्ण विरघळत नसला तरी कोमट पाण्याने मऊ पडतो.

स्टिकरचा गोंद निराळ्या प्रकारचा असतो. तो वाळून घट्ट होत नाही, तर कायम मऊ व चिकट राहतो आणि केवळ बोटाच्या दाबाने पृष्ठभागाला धरतो. अमेरिकेतील रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली रंगकामासाठीची चिकटपट्टी व १९३० साली पारदर्शक चिकटपट्टी तयार केली. १९३५ साली स्टँटन ॲव्हरी यांनी मागील कागद सोलून लावावयाचे लेबल बाजारात आणले. आज किमतीच्या चिठ्ठीपासून पाण्याच्या टाकीवरील मोठ्या लेबलापर्यंत याच तत्त्वाचा वापर होतो. हा गोंद रबर व राळेसारखे पदार्थ यांपासून किंवा ॲक्रिलिक बहुवारिकांपासून बनतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून डिंकासाठी उपयोगी पडणारी भिजवण्याची रीत येथे एकटी पुरी पडत नाही.

अवशेष का राहतो

स्टिकर ओढताना गोंदावर दोन बाजूंनी ताण येतो. गोंदाची वस्तूवरील पकड त्याच्या स्वतःच्या आतील बळापेक्षा कमी असेल तर तो कागदासह पूर्ण निघतो. पकड जास्त असेल तर गोंद मधूनच फाटतो आणि त्याचा अर्धा थर वस्तूवर राहतो. ऊन, उष्णता व काळ यांमुळे दुसरी शक्यता वाढते. उन्हात राहिलेल्या चिकटपट्टीचा गोंद आधी मऊ होऊन पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत उतरतो आणि पुढे अतिनील किरणांमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंतून तो कडक, पिवळसर होतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. तेथे अंगणात, गच्चीवर किंवा शेतात पडून राहिलेल्या वस्तूंवर असा जुना व चिवट थर नेहमी आढळतो.

प्लॅस्टिकवरील प्रत्येक चिकटपणा गोंदाचाच असतो असे नाही. स्वयंपाकघरातील डब्यांच्या झाकणांवर साचणारा चिकट थर हा हवेतील प्राणवायूशी संयोग झालेल्या तेलाचा असतो. करडई व जवस यांची तेले हवेत वाळणारी असल्याने त्यांचा थर विशेष चिवट असतो. त्यावर धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी उपयोगी पडते. काही उपकरणांच्या मुठींवरील रबरासारखा मऊ लेप काही वर्षांनी आपोआप चिकट होतो. तो लेपच विघटित झालेला असतो, त्यामुळे तेल लावल्याने चिकटपणा उलट वाढतो.

प्लॅस्टिकची ओळख

बहुतेक वस्तूंच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने सुरू केली आणि पुढे भारतासह अनेक देशांत रूढ झाली. हा अंक पुनर्वापराच्या सोयीसाठी असला तरी योग्य द्रव निवडण्यासही त्याची मदत होते.

१ (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट): पाण्याच्या व शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या. अल्कोहोल थोडा वेळ चालते. ॲसिटोनमुळे पृष्ठभाग धुरकट होऊ शकतो. सुमारे ७० अंशांच्या वर बाटली आक्रसते, म्हणून उकळते पाणी वर्ज्य.

२ व ४ (पॉलिथिलीन): निळी पिंपे, कॅन, बादल्या, ठिबकच्या नळ्या, पिशव्या. सामान्य तापमानाला यांना सहसा कोणताही घरगुती द्रव विरघळवत नाही. गोंदाची पकडही यांवर तुलनेने कमी असते. मात्र तेलकट द्रव व रसायने यांत मुरतात.

३ (पीव्हीसी): नळ, रेक्झिन, केबलचे वेष्टन. ॲसिटोन व थिनर यांनी फुगते व मऊ पडते. मऊ पीव्हीसीमधील मऊपणा देणारा घटक द्रवाबरोबर निघून गेल्यास ते कडक होते.

५ (पॉलिप्रॉपिलीन): डबे, झाकणे, खुर्च्या, काही प्रकारची कॅरेट. गुणधर्म पॉलिथिलीनसारखे, उष्णता अधिक सहन करणारे.

६ (पॉलिस्टायरीन): थर्माकोल, ठिसूळ पारदर्शक डबे, पट्ट्या. ॲसिटोन, पेट्रोल, थिनर आणि संत्र्याच्या सालीचे तेल या सर्वांनी विरघळते.

७ (इतर): यात पॉलिकार्बोनेट, एबीएस, ॲक्रिलिक इत्यादी निरनिराळे पदार्थ येतात. हेल्मेट, चष्मे, मोबाइल, दूरचित्रवाणी संच, वाहनांचे दिवे व पाण्याचे काही जार यांपासून बनतात. ॲसिटोन, थिनर व पेट्रोल यांसाठी पूर्णपणे वर्ज्य. ॲक्रिलिकवर अल्कोहोलही वापरू नये, त्याने बारीक रेघोट्यांसारखे तडे पडतात.

अंक नसल्यास वस्तू ७ व्या गटातील आहे असे मानून सौम्य उपायच वापरणे इष्ट ठरते.

पद्धती

सौम्य उपायापासून सुरुवात करून गरजेपुरतेच पुढे जाणे हे या कामाचे सर्वमान्य सूत्र आहे.

उष्णता व सोलणे: कोमट पाण्यात बुडवलेले फडके काही मिनिटे लेबलावर ठेवावे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा दुरून द्यावी. गोंद मऊ झाल्यावर लेबलाचे टोक उचलून ते पृष्ठभागालगत मागे वळवत सावकाश ओढावे. झटका दिल्यास कागद फाटतो आणि गोंद मागे राहतो. उघड्या ज्योतीची उष्णता कधीही देऊ नये.

गोंदानेच गोंद उचलणे: ताज्या चिकटपट्टीची चिकट बाजू अवशेषावर दाबून झटकन उचलल्यास पातळ थर तिच्याबरोबर निघतो. यात कोणताही द्रव लागत नसल्याने ही रीत सर्व प्लॅस्टिकना चालते.

साबणाचे पाणी: कागदाचा लगदा व डिंक, खळ, पांढरा गोंद यांसाठी पुरेसे. खरवडण्यासाठी जुने प्लॅस्टिकचे कार्ड किंवा नख वापरावे. पाते, तारेची घासणी व वाळू यांनी पडलेले ओरखडे कायमचे राहतात आणि त्यांत पुढे मळ साचतो.

तेल: स्टिकरच्या रबरी गोंदावर खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावून १० ते १५ मिनिटे ठेवावे. तेल गोंदात शिरून त्याची पकड सैल करते, मग तो बोटाने गोळा होऊन निघतो. न वाळणारे तेल निवडणे आवश्यक असते. करडई किंवा जवसाचे तेल पुसायचे राहिल्यास स्वतःच चिकट थर तयार करते. शेवटी साबणाने तेल पूर्ण धुऊन काढावे. पॉलिकार्बोनेट व एबीएस यांवर तेल फार वेळ ठेवू नये.

अल्कोहोल: हात निर्जंतुक करण्याचे साधे पातळ द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ॲक्रिलिक गोंदावर तेलापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. ते वस्तूवर ओतू नये, फडक्यावर घेऊन पुसावे. छापील अक्षरे व रंगही त्याने निघू शकतात.

ॲसिटोन, थिनर, पेट्रोल व रॉकेल: ॲसिटोन हा नखांचा रंग काढण्याच्या द्रवातील नेहमीचा घटक आहे. क्षणात घट्ट होणारा सायनोॲक्रिलेट गोंद त्याने विरघळतो, पण १ व ३ ते ७ अंकांपैकी अनेक प्लॅस्टिकचेही नुकसान होते. घरगुती वापरासाठी या द्रवांची शिफारस केली जात नाही.

नवा द्रव वापरण्यापूर्वी वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर एक थेंब ठेवून पाच मिनिटांनी पाहावे. जागा पांढुरकी, चिकट किंवा खडबडीत झाल्यास अथवा फडक्याला रंग लागल्यास तो द्रव सोडून द्यावा.

चाचणीची मर्यादा

थेंबाची चाचणी दिसणारी इजा सांगते, न दिसणारी सांगत नाही. पॉलिकार्बोनेट, एबीएस व ॲक्रिलिक यांच्या वस्तू साच्यातून काढताना त्यांत अंतर्गत ताण राहिलेला असतो. असा ताण असलेल्या जागी एखादा द्रव पोहोचला की त्याचे रेणू बहुवारिकाच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची परस्परांवरील पकड ढिली करतात आणि सूक्ष्म तडे सुरू होतात. तडे दिसण्यास तास, दिवस किंवा महिने लागू शकतात. तोपर्यंत वस्तू जुन्यासारखीच चकचकीत दिसते.

दुचाकीस्वाराचे हेल्मेट हे याचे सर्वांत गंभीर उदाहरण होय. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे आणि १ जून २०२१ पासून भारतात दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. अनेक हेल्मेटची कवचे एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटची असतात. संयुक्त राष्ट्रांच्या हेल्मेटविषयक २२ व्या नियमावलीत कवचावर रंग, स्टिकर, पेट्रोल किंवा इतर विद्रावक न लावण्याची सूचना लेबलावर देण्याची तरतूद आहे. जुना स्टिकर काढण्यासाठी पेट्रोलचा बोळा फिरवलेले हेल्मेट दिसायला स्वच्छ होते, परंतु आघाताच्या वेळी ते अपेक्षेप्रमाणे बळ पेलेल याची खात्री राहत नाही. हेल्मेटवर कोमट पाणी व सौम्य साबण एवढेच वापरावे. त्याने अवशेष न निघाल्यास तो तसाच राहू द्यावा. आयएसआय चिन्ह व निर्मितीची माहिती देणारी लेबले काढू नयेत.

शेतीतील वापर

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे रेल्वे जंक्शन व तालुक्याचे ठिकाण फुलशेतीसाठी ओळखले जाते. परिसरात गुलाब, मोगरा, झेंडू इत्यादी फुलांची लागवड होते. फुलपिकांत व भाजीपाल्यात पांढरी माशी आणि मावा यांसाठी पिवळे, तर फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावले जातात. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही पिकांतील रसशोषक किडींसाठी अशा सापळ्यांची शिफारस करते. विकतच्या सापळ्यांवरील गोंद पॉलिब्युटीनसारख्या न वाळणाऱ्या पदार्थाचा असतो. शेतकरी स्वतः तयार करतात त्या सापळ्यांवर एरंडेल तेल किंवा ग्रीसही लावले जाते.

हा गोंद पावसाने जात नाही, म्हणूनच तो सापळ्यास उपयोगी असतो. परंतु त्याच कारणाने तो कॅरेट, ठिबकच्या नळ्या, फवारणी पंप व हात यांना लागल्यास पाण्याने निघत नाही आणि त्यावर माती बसत जाते. कॅरेट व नळ्या बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असल्याने गोडेतेल चोळून, फडक्याने पुसून, मग साबणाने धुणे पुरेसे ठरते. हातांसाठीही हीच रीत योग्य आहे. रॉकेल किंवा पेट्रोलने हात धुतल्यास त्वचेतील स्निग्धता जाऊन ती फुटते. फुले ठेवण्याच्या कॅरेटला तेलाचा अंश राहू देऊ नये, कारण तेल लागलेल्या पाकळ्यांवर डाग पडतात.

वापरलेला सापळा पुन्हा वापरायचा असल्यास आधी कोरड्या कागदाने किडींसह गोंद खरवडून काढावा, नंतर तेल वापरावे. तेल आधी लावल्यास गोंद सर्व पृष्ठभागावर पसरतो.

जेथे लेबल काढू नये

काही वस्तूंवरील लेबल हा सुरक्षिततेचाच भाग असतो. कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकटीचा खालचा रंग विषारीपणाची पातळी दाखवतो. लाल रंग अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम व हिरवा सौम्य विषारी औषध दर्शवतो. डबा रिकामा झाल्यावर लेबल काढून तो घरात वापरणे धोकादायक आहे. लेबलाबरोबर आत काय होते याची माहिती नष्ट होते, पण पॉलिथिलीनच्या भिंतीत मुरलेले औषध धुऊनही पूर्ण जात नाही. कीटकनाशक नियम १९७१ नुसार रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत असे सांगितले आहे.

पाणीटंचाईच्या भागात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा काळात घरोघर पाणी साठवण्यासाठी पिंपे व कॅन यांची गरज वाढते आणि वापरलेली पिंपेही खरेदी केली जातात. लेबल खरवडून काढलेल्या किंवा पुसलेल्या पिंपात पूर्वी काय होते हे ठरवता येत नाही. आतून साबणाने धुतल्यावर वास गेला तरी भिंतीत मुरलेले रसायन नंतर हळूहळू पाण्यात उतरू शकते. म्हणून जुने पिंप घेताना मूळ लेबल शाबूत असलेले व पूर्वी खाद्यपदार्थच ठेवलेले पिंप निवडावे. ते न मिळाल्यास जुन्या पिंपाचा वापर पिण्याच्या पाण्यासाठी करू नये. लेबल काढायचेच असेल तर आधीच्या पदार्थाचे नाव नोंदवून ठेवणे श्रेयस्कर.

याच कारणाने पाण्याच्या किंवा खाद्यपदार्थाच्या भांड्याबाहेरील अवशेष काढताना थिनर व रॉकेल टाळावे. झाकण लावून ठेवावे, म्हणजे द्रव आत जाणार नाही. औषधांच्या बाटल्या, विद्युत उपकरणे व बॅटऱ्या यांवरील मुदत, दाब व सूचना सांगणारी लेबलेही तशीच ठेवावीत.

आग व विषबाधा

ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्यास ज्वालाबिंदू म्हणतात. पेट्रोलचा ज्वालाबिंदू उणे ४० अंश सेल्सियसच्याही खाली, ॲसिटोनचा सुमारे उणे २० अंश, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा सुमारे १२ अंश असतो. हे द्रव कोणत्याही ऋतूत पेटू शकतात. रॉकेलचा ज्वालाबिंदू सुमारे ३५ ते ४० अंश व त्याहून अधिक असल्याने ते तुलनेने सुरक्षित मानले जाते. परंतु मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारची हवाच ४० अंशांवर गेलेली असताना हा फरक उरत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरून दूरच्या चुलीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून ज्वलनशील द्रवाचे काम चूल, गॅस, देवघरातील दिवा व विजेची बटणे यांपासून दूर, मोकळ्या हवेत आणि दिवसाच्या थंड वेळी करावे.

जवसासारखे वाळणारे तेल लागलेली फडकी चुरगाळून ढीग केल्यास संयोगक्रियेच्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून ठेवावीत.

थिनर, रॉकेल किंवा ॲसिटोन पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. लहान मुले पाणी समजून ते पितात. असे घडल्यास उलटी करवू नये, कारण उलटीच्या वेळी द्रव फुप्फुसात जाऊन अधिक हानी होते. मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत न्यावी.